तिची उतरायची जागा

दोन वर्षांपूर्वीचा पौष. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं एक गाव, रात्रीचे साडेनऊ, मारुतीच्या देवळापुढचा पार. भाकरी-भांडी उरकून, स्वेटरावर शाल गुंडाळून पंचवीसेक बायका येऊन बसल्या होत्या. मधोमध ताडपत्रीवर मी नव्या घाटाचा नकाशा पसरला होता आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या होत्या.

जुना घाट २०१९ च्या महापुरात गेला. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं, आणि तिथं धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पूर ओसरला तेव्हा खालच्या सात-आठ पायऱ्या सरकून नदीत गेलेल्या, उरलेल्या एका अंगाला कललेल्या. तेव्हापासून बायका घसरड्या उतारावर दगड मांडून धुणं धूत होत्या. मी बांधकामाचे आराखडे करते. विहिरी, पाणवठे, छोटे बंधारे अशीच बहुतेक कामं. हेही तसंच एक.

सगळ्यांत पुढं बसलेल्या आज्जी नकाशावर वाकल्या. "ही पायरी कुठं येती म्हणालीस?"

मी बोट ठेवलं. "हितं, करंजाच्या खाली."

"मग सुसर कुठनं चढायची?"

कुणी हसलं नाही. त्या गावात मगरीवर हसत नाहीत.

"तितंच उनाला बसती ती," आज्जी म्हणाल्या. "माझं लगीन होऊन आले तवापास्नं बघतीया. ही नसंल, हिची आई असंल. पन जागा तीच. तू आमाला तीनदा ईचारलंस. तिला ईचारलंस का?"

ही बैठक रात्री साडेनऊला का होती, ते सांगायला हवं. पहिली बैठक ग्रामपंचायतीत सकाळी अकराला झाली. सतरा पुरुष आले आणि दोन बायका, त्याही पंचायतीच्या सदस्य म्हणून. घाट ज्यांच्यासाठी बांधायचा त्या सगळ्या त्या वेळी रानात होत्या, कुणी भांगलणीला, कुणी तोडीच्या फडात. संध्याकाळी वाटेत एकीनं मला थांबवून सांगितलं, "आमाला ईचारायचं असंल तर आमच्या येळंला या की." म्हणून मग रात्र, म्हणून पार. तीन बैठकांत हजेरीवहीत चौसष्ट सह्या-अंगठे झाले होते आणि त्या वहीचा मला फार अभिमान होता. सहभाग म्हणजे काय हे आपल्याला कळलंय असं मी धरून चालले होते. आज्जींनी माझाच नियम घेतला आणि एक पायरी पुढं नेला. ज्याला विचारायचं त्याच्या वेळेला, त्याच्या जागी जायचं. मग करंजाखाली कोण कधी येतं, ते बघायला मी कधी गेले होते?

कॉलेजात आम्हाला शिकवलेलं की सहभागातून आराखडा ही कल्पना नॉर्वेची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कारखान्यांत संगणक यायला लागले, तेव्हा क्रिस्टन निगार्ड नावाचे संगणकशास्त्रज्ञ लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसले. ज्यांना त्या यंत्रावर आयुष्य काढायचं आहे, त्यांना यंत्र कसं असावं यात बोलायचा हक्क हवा, असं त्यांचं म्हणणं. तिथून ही पद्धत दवाखाने, शाळा, शहरं, बागा अशी पसरत गेली. अलीकडं त्या वर्तुळातली माणसं विचारायला लागलीत की त्या बागेत, त्या नदीकाठी आयुष्य काढणारी झाडं, किडे, पाखरं यांचं काय. चांगला प्रश्न. पण तो मला कागदावर भेटला असता तर मी मान डोलावून पान उलटलं असतं. पारावर भेटला, म्हणून पुढचे चार-साडेचार महिने त्यानं मला झोपू दिलं नाही.

तसं आपल्याला नॉर्वेला जायची गरजही नव्हती. येरळा नदीवरचं बळीराजा धरण इथून जवळच. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतली माणसं खानापूर तालुक्यात घरी परतली, तर इथं दुष्काळ. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि विहिरी खाली खाली जात होत्या. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी हिशेब मांडला की थोडी वाळू आपणच विकायची आणि त्या पैशातून आपलं धरण बांधायचं. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते त्यांच्याबरोबर बसले. बळवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी धरण उभं केलं आणि पाण्याचा वाटा भूमिहीनांसकट प्रत्येक कुटुंबाला सारखा ठरवला. जमीन नसलेल्याला पाण्याचा हक्क! माझ्या पिढीतल्या, या जिल्ह्यात पाण्याचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, त्या धरणाचं नाव निघाल्यावर आवाज बदलतो. ज्याचा सातबारा नाही तोही नदीचा भागीदार असू शकतो, हे तिथं एकदा ठरलं. मगरीचाही सातबारा नाही. मी हे त्या वेळी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण आज्जींचा प्रश्न घेऊन रात्री सांगलीला परतताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून मी पहाटेची एसटी धरायला लागले. गावातले एक तात्या, जन्मभर मासेमारी केलेले, माझ्याबरोबर बसायचे. आमची जागा समोरच्या मळीच्या रानाच्या कडेला, निरगुडीच्या आडोशाला. पौष-माघात कृष्णेवर सकाळी धुकं असतं. पाण्यातून वाफ निघाल्यासारखी वर येत असते, पलीकडचा काठ दिसत नाही, नुसते आवाज येतात, टिटवीचा, मोटारीचा, लांबवर कारखान्याच्या भोंग्याचा. साडेआठच्या सुमारास ऊन करंजाच्या बुंध्यापर्यंत उतरतं. आणि मग दहा-पंधरा मिनिटांत ती येते.

पहिल्यांदा येताना मला दिसलीच नाही. तात्यांनी हाताला हात लावला तेव्हा कळलं की ज्याला मी ओंडका समजत होते त्याला डोळे आहेत. ती काठाला लागली, थोडी थांबली, आणि पुढचे दोन पाय गाळात रोवून तिनं स्वतःला वर ओढलं. घाई नाही. पोट पूर्ण जमिनीवर. अंगावरून पाणी ओघळून खाली जाईपर्यंत पाठ काळी दिसत होती, मग हळूहळू वाळत राखाडी होत गेली, वाळलेल्या गाळाच्याच रंगाची, आणि मला पुन्हा दिसेनाशी झाली. पाऊण तासानं तिनं तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. मला वाटलं चिडली. "तापलीय," तात्या म्हणाले. अंगाची उष्णता तोंडावाटे सोडतात त्या. थंड रक्ताचा प्राणी. रात्रभर गार पाण्यात राहून आखडलेलं अंग उन्हात सैल केल्याशिवाय तिला खाल्लेलं पचतही नाही. म्हणजे ती सकाळची जागा तिची चैन नव्हे, चूल आहे.

ती गेल्यावर आम्ही नाव घेऊन पलीकडं गेलो. ओल्या गाळात तिच्या पोटाची घसरण उमटलेली, पोत्याएवढी रुंद, गुळगुळीत, इस्त्री फिरवल्यासारखी. तिच्या मधोमध शेपटीची नागमोडी रेघ. दोन्ही अंगांना पंजे. पुढच्या पायाला पाच बोटं, मागच्याला चार. तात्या म्हणाले, "घ्या. झाली सही."

मी त्याच हजेरीवहीत मागच्या बाजूनं लिहायला लागले. तारीख, वेळ, कोण आलं, कुठून, कुठं गेलं. मगर, आठ चाळीस, करंज. बायका, आठ ते साडेदहा, करंजाच्या वरच्या अंगाला वीस पावलांवर. म्हशी, दुपारी चार. पाण्यातल्या मोटारीच्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह काढायला उतरलेला एक तरुण, रात्री साडेअकरा, कारण शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. महिन्याभरात वहीनं मला जे दाखवलं ते माझ्या कुठल्याही सर्वेक्षणात आलं नव्हतं. माणूस आणि मगर यांचं भांडण जागेचं आहेच, पण त्याहून जास्त ते वेळेचं आहे. दोघींनाही पाण्यापाशी यायचं असतं ते कोवळं ऊन पडल्यावर. धुणं वाळायला हवं म्हणून एकीला, अंग वाळायला हवं म्हणून दुसरीला. उन्हाळ्यात तर पाणी आटून नदीचे डोह तेवढे राहतात आणि सगळ्यांनाच त्याच एका डोहाशी यावं लागतं. त्यात फेब्रुवारी ते एप्रिल तिचे अंडी घालायचे दिवस. पाण्यापासून थोडं वर, मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी, आणि दोनेक महिने राखण. पिल्लं बाहेर येतात ती मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. आपल्याकडं नदीतली कामं काढतात कधी? पाणी कमी असतं म्हणून याच महिन्यांत. वीटभट्टीसाठी काठाची माती उपसतात तीही याच महिन्यांत. कुणी मुद्दाम करत नाही. आपल्या कामाचं वेळापत्रक नदीचं पाणी बघून ठरतं, त्या मातीत त्या वेळी काय आहे हे बघून ठरत नाही.

आपल्या जुन्या रीतींत असं वेळेचं भान कुठं कुठं दिसतं. नागपंचमीला नांगर धरत नाहीत, खणत नाहीत. बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मी त्यात पर्यावरणशास्त्र शोधायला जात नाही. पण वर्षातला एक दिवस दुसऱ्या जिवाच्या नावावर करून ठेवायचा, ही कल्पना गावाला परकी नाही एवढं खरं. घाटाचं काम उन्हाळ्याऐवजी कार्तिकात काढू, असं मी सुचवलं तेव्हा बायकांना ते समजावून सांगावं लागलं नाही. ठेकेदाराला लागलं. पाणी जास्त असल्यानं मातीचा तात्पुरता बांध घालावा लागणार होता, आणि तो खर्च वाढला हे खरंच आहे.

वहीतला मजकूर पारावर कसा न्यायचा हा प्रश्न होता. आकडे वाचून दाखवले असते तर माना हलल्या असत्या, बस. एका रात्री बायकांनीच देवळापुढचं अंगण झाडून रांगोळीनं नदी काढली. पाण्याला नीळ, घरांना गेरू, मगरीला हळद. मी वहीत बघून सांगत होते आणि एक सून चिमटीनं ठिपके टाकत होती. हळूहळू त्यांनी मला विचारणं सोडून दिलं. कासव वाळूत कुठं चढतं ते एकीला माहीत होतं. वेड्या राघूंची बिळं काठाच्या कोणत्या उभ्या कापात आहेत ते पोरांना माहीत होतं, आणि नकाशात नेमकी तिथंच माझी संरक्षक भिंत येत होती. टिटवी अंडी घालते ती खडीची पट्टी, कुत्री पाणी प्यायला उतरतात ती पाऊलवाट, पाणकावळे पंख पसरून बसतात तो पडका खांब. रात्री अकराला त्या अंगणात माणसांची वस्ती हा नदीकाठच्या वस्तीचा एक कोपरा होऊन बसला होता. माझा घाट मी कुणाकुणाच्या दारात बांधायला निघाले होते, ते दिसत होतं.

त्याच रात्री मागं, देवळाच्या भिंतीला टेकून एक अण्णा उभे होते. काही वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा याच पाण्यात गेला. पंधरा वर्षांचा. मला ते माहीत होतं आणि त्यांच्याकडं बघायचं मी टाळत होते.

"तिला ईचारताय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझ्या पोराला कुणी ईचारलं?"

त्याला उत्तर नव्हतं. आजही माझ्याकडं नाही, आणि कुणी देऊ केलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. माणसापलीकडच्या जिवांना आराखड्यात घ्या, असं सांगणाऱ्या लेखनात मला एक गोष्ट नेहमी खटकते. त्यात झाडं असतात, मधमाशा असतात, फुलपाखरं असतात. ज्याच्या जबड्यात माणूस गेलाय असा जीव क्वचित असतो. सगळ्यांना घेऊन बसायचं म्हटल्यावर बैठकीत हेही येणार. ज्याला ते ऐकायचं नाही त्यानं ते काम हाती घेऊ नये.

अण्णांचं म्हणणं होतं की मगरी पकडून न्या. गावात बऱ्याच जणांचं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मगरीला पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, मारणं तर सोडाच, वनखात्याच्या परवानगीशिवाय पकडताही येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कायदा दाखवून दुःख गप्प करता येत नाही आणि मी तो दाखवला नाही. तात्या बोलले. एक नेली तर डोह रिकामा राहत नाही, दुसरी येते, आणि नवी आलेली कुठं बसते, कधी उतरते हे आपल्याला ठाऊक नसतं. "हिची येळ तर ठावं हाय," ते म्हणाले. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरी दूर नेऊन सोडल्या आणि उपग्रहानं त्यांचा माग ठेवला, तर त्या शेकडो किलोमीटर पोहून परत आपल्या जागी आल्याची नोंद आहे, एवढं मी जोडलं. अण्णा काही न बोलता निघून गेले.

आठ दिवसांनी ते स्वतःहून माझ्या नकाशापाशी आले. त्यांनी विचारलं, "पायरीच्या तिन्ही अंगांनी जाळी बसती का?"

बसते. ओडिशात भितरकनिकाच्या परिसरात नदीघाटांना असे अडसर घातलेले आहेत. श्रीलंकेत नदीत खांब रोवून आंघोळीपुरती जागा बंदिस्त करायची जुनी पद्धत आहे. माझ्या आराखड्यात ती नव्हती, कारण मी कृष्णेच्या पुराचा विचार करून ती आधीच खोडली होती. पुरात उसाची पाचट, झाडं, मेलेली जनावरं सगळं वाहून येतं. जाळीला अडकलं की जाळी जाते, बरोबर पायऱ्याही नेते. अण्णा म्हणाले, "मग मृगाला काढायची, पानी उतरलं की लावायची. पावसात कोन जातंय नदीला." इतकी सोपी गोष्ट. जीआय पाइपांच्या चौकटी, खांबांना नटबोल्टनं बसणाऱ्या, चार माणसांनी उचलता येतील अशा. पावसाळ्यात देवळाच्या मागं ठेवायच्या. कोणत्या घरांनी कोणत्या वर्षी काढायच्या-लावायच्या त्याची पाळी. दोन पाइपांतलं अंतर अण्णांनी स्वतःच्या हाताच्या वितीनं ठरवलं. माझ्या त्या आराखड्यातली सगळ्यांत चांगली रेघ त्यांची आहे.

मला या सगळ्याची एवढी ओढ का लागली त्यामागं एक जुनी विहीर आहे.

बरीच वर्षं झाली. दुसऱ्या एका तालुक्यातल्या गावात पिण्याच्या पाण्याच्या विहिरीची दुरुस्ती माझ्याकडं आली होती. काळ्या दगडाची जुनी विहीर, चुना न भरलेली. दगडांच्या फटींत पारवे, एका अंगाला फुटलेलं उंबराचं झुडूप, वर वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे खोपे. पाण्यात काड्या, विष्ठा पडायची आणि गावाला स्वच्छ पाणी हवं होतं. मी आत आरसीसीची रिंग घेतली, गुळगुळीत गिलावा केला, उतरायला लोखंडी कड्या बसवल्या. आराखडा गावसभेत एकमतानं मंजूर झाला. सगळ्यांना बोलू दिलं होतं, पद्धतीत काही चूक नव्हती.

दुसऱ्या उन्हाळ्यात एक कोल्हा पाण्याच्या वासानं आला आणि आत पडला. सकाळी पाणी शेंदायला गेलेल्या बाईंना तरंगताना दिसला. मी योगायोगानं त्याच दिवशी गावात होते. त्याला काढल्यावर मी आत डोकावले. पाण्याच्या वर हातभर अंतरात, गिलाव्यावर पांढऱ्या रेघा होत्या. नखांच्या. एका जागी नव्हत्या. पूर्ण रिंगभर, सगळीकडून सारख्याच. तो रात्रभर गोल फिरत कुठं फट आहे का ते शोधत होता, आणि मी एकही ठेवली नव्हती.

त्यानंतर मी साताऱ्याजवळ लिंबला गेले, बारा मोटांची विहीर बघायला. आधीही बघितली होती, पण शिकताना, कमानी आणि शिलालेख बघायला. वीरूबाई भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली, अष्टकोनी, शंभर फुटांच्या वर खोल. या वेळी मी फक्त पायऱ्या बघितल्या. रुंद, थेट पाण्यापर्यंत पोहोचलेल्या. माणसांसाठीच बांधलेल्या, पण कोल्ह्यालाही चढता येतील अशा. दगडांच्या सांध्यांत पारवे घुमत होते. जुनी माणसं फार भूतदयेनं बांधायची असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. दगड दगडावर ठेवला की फट राहते. माती कापली की बीळ पाडायला जागा राहते. जागा आपोआप राहायची. आता आपल्या हातात असा माल आलाय की त्यात काहीच आपोआप राहत नाही. सिमेंटची भिंत सगळं बुजवते, हायमास्टचा दिवा सगळा अंधार संपवतो. म्हणून दुसऱ्याची जागा आता मुद्दाम काढून ठेवावी लागते, नकाशावर, पेन्सिलीनं, माप टाकून. नाही काढली तर ती नाही.

त्या विहिरीत नंतर मी स्वखर्चानं पाण्यापासून वरपर्यंत जाणारा दगडी टप्प्यांचा एक पट्टा करून दिला. उशीर झालेला होता.

२०१७ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडनं कायदा करून व्हांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा दिला. तिच्या वतीनं बोलायला दोन माणसं नेमायची, एक तिथल्या मूळ रहिवासी माओरींकडून आणि एक सरकारकडून. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला तसाच दर्जा दिला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. कृष्णेला कधी तसं काही मिळेल का, यावर वाद घालायला मला आवडतं. पण पारावर बसलं की हाताशी काय आहे ते बघावं लागतं. हाताशी २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि गावातल्या जिवांची लोक जैवविविधता नोंदवही हवी. नोंदवहीची ही कल्पना देशभर रुजवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा. मी बघितलेल्या बऱ्याच गावांत ती वही कपाटात असते आणि तिच्यात शेजारच्या गावाच्या वहीतून उतरवलेली नावं असतात. एका ठिकाणी तर दुष्काळी माळरानावरच्या वहीत खेकड्यांच्या जाती होत्या.

या गावातही समिती कागदावरच होती. आज्जींचं नाव तिच्यात आहे हे आज्जींनाच माहीत नव्हतं. पारावर ठरलं की प्रत्येक सदस्यानं एक-एक जीव वाटून घ्यायचा. नदीकाठी काहीही करायचं म्हटलं, घाट, दिवा, भिंत, माती उचलायचा ठराव, की सही करायच्या आधी त्या-त्या माणसानं उभं राहून सांगायचं की याचं माझ्या वाट्याच्या जिवाला काय होणार. मगर आज्जींकडं. मासे आणि कासवं तात्यांकडं. काठातली बिळं शाळेतल्या बाईंकडं. आपल्याला मगरीच्या मनातलं कळत नाही, आणि तिच्या तोंडून बोलायचं नाटक करायचं नाही, हे आज्जींनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. "ती काय करती तेवढं सांगीन. तिला काय वाटतं ते देवाला ठावं."

दिव्यावरून भांडण झालं. तरुण पोरांना हायमास्ट हवा होता आणि रात्री मोटारीपाशी उतरणाऱ्याला उजेड हवा हे चूक नाही. शेवटी पायरीवरच पडेल असा, गुडघ्याएवढ्या उंचीचा, वरून झाकलेला दिवा बसला. संरक्षक भिंत राघूंच्या बिळांच्या अलीकडं थांबली. तिथं दरवर्षी थोडी माती ढासळणार, आणि ज्यांचं रान तिथं आहे ते माझ्यावर अजून नाराज आहेत. त्यांची नाराजी रास्त आहे. घाट करंजापासून चाळीस पावलं वरच्या अंगाला सरकला. बायकांना चाळीस पावलं ओलं धुणं घेऊन जास्त चालावं लागतं.

काम कार्तिकात निघालं, पौषात संपलं. चौकटी माघात लागल्या, मृगाला निघाल्या. नदी चढली, उतरली, खालच्या दोन पायऱ्यांवर गाळ ठेवून गेली.

गेल्या कार्तिकात चौकटी पुन्हा बसवायच्या दिवशी मी गेले. आठ-दहा माणसं चौकटी खांद्यावर घेऊन घाटाच्या तोंडाशी उभी होती. मागं बायका धुण्याची पिळं घेऊन. कुणी खाली उतरत नव्हतं. तिसऱ्या पायरीवर, आमच्या नव्या कोऱ्या पायरीवर, ती आडवी पसरली होती. करंज मोकळा होता. ती इथं आली होती. तोंड उघडं.

आज्जींनी माझ्याकडं बघितलं, मी तात्यांकडं. अण्णांच्या हातात पाना होता. ते बराच वेळ तिच्याकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी खांद्यावरची चौकट जमिनीवर टेकवली आणि तिच्यावर बसले. त्यांचं बघून बाकीचे बसले. एकीनं डब्यातल्या शेंगा काढल्या.

ऊन वर आलं. तिनं तोंड मिटलं, एकदा शेपूट हलवली आणि पायरीवरून घसरत पाण्यात गेली, आवाज न करता.

"लिव," आज्जी म्हणाल्या. मी वही उघडली. नऊ वाजून वीस मिनिटं. मग माणसं उठली आणि नटबोल्टांचं पोतं सोडलं.